चाचणीचा तुकडा

खजुरी बाजारात मुर्तझाभाईंच्या काउंटरवर
मी सात मार्कर ओळीनं मांडले
तेव्हा त्यांना वाटलं, आहेराची पाकिटं लिहायची असतील.
'बाई, ये लो, इसकी खुशबू भी अच्छी है.'
वासाचं मला काय करायचंय भाई,
मला हवी अशी शाई
जी फेरिक क्लोराइडमध्ये वीस मिनिटं पडून राहील
आणि आपलं म्हणणं बदलणार नाही.

सातही मार्करांवर छापलेलं: पर्मनंट.
पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये मी सोळा वर्षं संविदेवर आहे,
या शब्दावर माझा चटकन विश्वास बसत नाही.
सातही घेतले. पावती घेतली.
दोनशे चाळीसपैकी शंभर मंजूर होतील,
उरलेले माझे.

शनिवारी दुपारी, पोरं गेल्यावर,
तांब्याच्या बोर्डाचा चार बोटांचा तुकडा
तारेच्या घासणीनं घासला, गुलाबी होईस्तोवर.
कडेनं धरला. बोटाचा तेलकट ठसा
तांबं मनात ठेवतं.
सात रेघा ओढल्या, खाली आकडे.

लाल ओढतानाच फिका.
निळ्याची रेघ देखणी, वहीच्या समासात शोभेल अशी.
चौथ्याचं टोक दोन इंचांत बोथटलं.
सहावा सीडीवर लिहायचा; आता सीडी कोण लिहितं,
म्हणून धूळ पुसून अर्ध्या किमतीत दिलेला.
सातवा तेलरंगाचा,
हलवला की आत गोळी खुळखुळते.

दादा मल्हारगंजात नंबरप्लेटा रंगवायचे.
म्हणायचे, रंग वाळला असं वाटलं
की एक विडी ओढायची,
मग तो वाळतो.
मी चहा केला. कप धुतला.
दोन फायलींना दोरे ओवले.
मग दुसरा हात, एकदाच, न गिरवता,
कारण वरची ओली शाई
खालच्या वाळलेलीला परत विरघळवते
आणि दोघी मिळून फाटतात.

सराफ्यातल्या शिकंजीचा रिकामा डबा,
त्यात गुळाच्या पाकाच्या रंगाचं ते पाणी,
खिडकीच्या उन्हात कोमट झालेलं.
सूप पाखडावं तसा डबा हलवत राहिले.

सहाव्या मिनिटाला लाल गेला.
नवव्याला निळ्याच्या कडा कुरतडल्या.
पाचवा, सगळ्यात महाग, बाहेर देशातला,
सापाच्या कातीसारखा अख्खा सुटून
वर तरंगायला लागला. मी हसले, एकटीच.
चौथ्याचं काही सांगण्यासारखं नाही.
तिसरा टिकला, पण भिंगाखाली पाहिलं
तर सुईनं टोचल्यासारखी भोकं.
सातवा पक्का, पण एवढा जाड
की आयसीच्या दोन पायांमधून जायचा नाही.

राहिला सहावा.
थिनरच्या बोळ्यानं पुसला, एका फटक्यात गेला.
खाली चकचकीत तांब्याची रेघ,
मधोमध माझ्या हाताचा कंप,
जसाच्या तसा.
तो गेल्या वर्षीपासूनचा आहे.
आतापर्यंत कुणाला दिसला नव्हता.

सोमवारी परत मुर्तझाभाई.
'वो वाला? माल बंद हो गया, बाई.'
स्टुलावर चढून, वरच्या फळीवरून
त्यांनी चार काढले.
चारही घेतले. पावती मागितली नाही.

'मॅडम, कौनसा?' झलक मालवीयनं विचारलं.
टोपण घट्ट, ठेवायचा आडवा, दाबायचं नाही,
वाळलं असं वाटलं की थांबायचं,
हे सगळं सांगितलं.
तिनं तीन तास मान वर केली नाही.
दादांनी पाहिला असता तो हात.

मंगळवारी बोर्ड धुऊन उजेडात धरला:
रेघा एकसारख्या, कोपरे रेखीव, भोकं कुठेच नाहीत,
आणि सगळं सर्किट उलटं,
आरशात पाहावं तसं.

शाई एका कणानंही हलली नव्हती.